मुंबई बघायची तर आधी लाँचमधे बसा: गेटवे ते घारापुरी, आमचा अनुभव

दोन वर्षांपूर्वी बडोद्याहून एका टूरवाल्याच्या एसी बसने मुंबई दर्शन केलं होतं. गेटवेला पंधरा मिनिटं, फोटो काढा, चला बसा गाडीत. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्या उतरल्याच नाहीत, समुद्र बघितला तो काचेतून. घरी आल्यावर दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलं कसं झालं, तर आई एवढंच म्हणाल्या, "बोटीत बसायचं राहिलं गं." ते माझ्या मनाला इतकं लागलं की या जानेवारीत आम्ही टूरबिर न घेता स्वतःच गेलो, आई, मी, हे आणि आमचा सातवीतला मुलगा, रात्रीची गाडी, पहाटे मुंबई सेंट्रल, टॅक्सीने थेट गेटवे, आणि घारापुरीला, म्हणजे एलिफंटा लेण्यांच्या बेटाकडे, जाणाऱ्या सकाळच्या पहिल्या लाँचपैकी एक पकडली.

आधी चढण्याबद्दल सांगते कारण घरात वयस्कर माणूस असेल तर खरी काळजी तीच असते. लाँचा एकीला एक लागून उभ्या असतात, पायऱ्यांवरून एका लाँचमधे, तिच्यातून दुसरीत असं जावं लागतं आणि सगळं हलत असतं. आई थबकल्याच. तिथला खलाशी पोरगा, असेल वीसेक वर्षांचा, त्याने दोन्ही हात पुढे केले नि म्हणाला, "आजी, पाण्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा." आणि पोचल्या की पलीकडे! लाइफ जॅकेट सगळ्यांना घालायला लावतात, डिसेंबर २०२४ मधे याच वाटेवर लाँचला अपघात झाला, त्यानंतर तर कडकच झालंय. साडीवर कसं घालू म्हणून आई कुरकुरत होत्या, त्याच पोराने पट्टा बांधून दिला. कोणी म्हणालं काढून ठेवा, गरम होतं, तरी काढू नका.

तासाभराचा प्रवास आहे आणि मला विचाराल तर अर्धी मजा तिथेच आहे. वरच्या डेकचे थोडे जास्त पैसे पडतात, पण वरच बसा. ताज आणि गेटवे लहान लहान होत जातात, नौदलाची करडी जहाजं, जवाहर द्वीपाजवळ तेलाची टँकरं, त्यांच्या अंगावरचा गंज दिसेल एवढ्या जवळून आपण जातो. आम्ही बडोद्याच्या विश्वामित्री नदीकाठची माणसं, एवढं पाणी आणि त्यावर एवढं काम चालतं हे मुलगा तोंड उघडं ठेवून बघत होता. बस कधी हे दाखवणार?

धक्क्यावरून छोटी आगगाडी आहे ती घ्याच. पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूला दुकानं, खुर्चीत बसवून वर नेणारेही असतात, भाव आधी ठरवा. आई थांबत थांबत चालतच आल्या. एक मात्र नीट लक्षात ठेवा, माकडं! मी लीलो चेवडोचं पाकीट हातात धरलेलं, एकाने येऊन सरळ ओढून नेलं, मुलगा खूप घाबरला. खायचं सगळं बॅगेत, चेन लावून.

आता लेणी. आईंचं अख्खं आयुष्य बडोद्यातल्या सूरसागर तळ्याच्या आजूबाजूला गेलंय, तिथला १११ फुटांचा महादेव रोज बघायचा, त्यामुळे मला वाटलेलं इथला वीसेक फुटांचा सदाशिव बघून म्हणतील एवढाच का. पण इथे बांधलेलं काहीच नाही, अख्खा डोंगर आतून कोरत नेलाय, सहाव्या शतकाच्या सुमाराला. आत काळोख, खांबांमधून बाजूने उजेड येतो, आणि समोर तीन तोंडं, डावीकडचं उग्र, उजवीकडचं कोवळं, मधलं डोळे मिटलेलं. आई दहा मिनिटं बोलल्या नाहीत. मग शिवपार्वतीच्या लग्नाचं शिल्प बघताना, ते बरंच तुटलंय, मला हळूच म्हणाल्या, "मान बघ तिची, लाजलीय." मराठी बोलणारा, ओळखपत्रवाला गाईड घेतला होता, त्यालाही बरं वाटलं. गाईड जरूर घ्या, नाहीतर नुसते खांब बघून परत याल.

तिकीट माणशी ४० रुपये, सोमवारी लेणी बंद, परतीची शेवटची लाँच किती वाजता ते उतरल्या उतरल्या विचारून घ्या. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँचा बंद होतात, थंडीतच जा. लाँचवर टॉयलेटचं काही खरं नाही, गेटवेलाच उरकून घ्या.

संध्याकाळी परत आल्यावर मुलाने गेटवेवरची अक्षरं वाचली, पंचम जॉर्ज २ डिसेंबर १९११ ला इथे उतरला म्हणून. कमान तेव्हा नव्हतीच, ती पुरी झाली १९२४ ला. आई तिथेच कट्ट्यावर बसल्या आणि त्याला सांगायला लागल्या की याच राजाच्या दिल्ली दरबारात आपले सयाजीराव महाराज एकदाच लवले आणि सरळ पाठ फिरवून निघून आले, राजाला पाठ न दाखवता मागे मागे सरकत जायचा नियम असताना! बाजूचे दोन अनोळखी लोकसुद्धा ऐकत उभे राहिले.

राणीच्या बागेतला दगडी हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो राहिला. पुढच्या थंडीत शेजारच्या काकूपण येतायत. आत्तापासून विचारतात, वरच्या डेकचे पैसे आधी द्यायचे का. नाही काकू, लाँच सुटली की वर माणूस येतो, सुटे ठेवा.