मॉडेल रेल्वेचा आराखडा बदलायचाय? एचओ, एन आणि बार्शी लाइटचं नॅरोगेज, पैशाच्या बाजूने

खोलीत आठ बाय चारचा प्लाय घोड्यांवर आडवा झालाय, त्यावर अर्धा ओव्हल टाकलाय, एक डिझेल इंजिन आणि चार निळे डबे आलेत. आणि आता लक्षात येतंय की डोक्यात होती ती पुणे–मिरज लाइन यात बसत नाही. हा छंद करणारा प्रत्येक जण कधी ना कधी इथे येऊन थांबतो. इथून तीन वाटा फुटतात. आहे त्या एचओवरच (खऱ्याच्या १/८७ माप) काटछाट करून पुढे जायचं, सगळं विकून त्याहून लहान एनकडे (१/१६० माप) वळायचं, किंवा प्रमाण तेच ठेवून रूळ तेवढे नॅरोगेजचे, म्हणजे अरुंद, घ्यायचे.

तुलना करताना लोक एकूण खर्चाचे आकडे मांडतात. मी वेगळा प्रश्न विचारतो: यानंतर आराखडा पुन्हा बदलला, तर यातले किती पैसे बुडतील? कारण तो पुन्हा बदलणारच. गाड्या विकता येतात, रूळ उचलता येतात; कापलेला प्लाय आणि प्लास्टरचा डोंगर मात्र भंगारवालाही घेत नाही.

आधी मापं बघू. आयसीएफचा, म्हणजे जुन्या निळ्या धाटणीचा, खरा डबा बफर ते बफर सुमारे २२.३ मीटर. बार्शी लाइट या मिरजेपर्यंतच्या जुन्या नॅरोगेज रेल्वेच्या वाघिणी (मालडबे) २५ फुटी, म्हणजे ७.६ मीटरच्या. खालच्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीत वाहनाच्या लांबीच्या तिप्पट त्रिज्या धरलीय, कारण त्याखाली गेलं की गाडी धावते, पण खेळण्यासारखी दिसते.

| | एचओ ब्रॉडगेज | एन ब्रॉडगेज | एचओ नॅरोगेज |
|---|---|---|---|
| प्रमाण | १:८७ | १:१६० | १:८७ |
| मिळणाऱ्या रुळाचं गेज (दोन रुळांमधलं अंतर) | १६.५ मिमी | ९ मिमी | ९ मिमी |
| खरं तर हवं ते गेज | १९.३ मिमी | १०.५ मिमी | ८.८ मिमी |
| वाहनाची लांबी | डबा २५६ मिमी | डबा १३९ मिमी | वाघीण ८८ मिमी |
| तिप्पट त्रिज्या | ७७० मिमी | ४२० मिमी | २६५ मिमी |

तिसरी ओळ गमतीची आहे. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमीचं, जगातलं बहुतेक मॉडेल १४३५ मिमीच्या रुळासाठी बनलेलं. त्यामुळे एचओत काय, एनमध्ये काय, आपली गाडी थोड्या अरुंद रुळावरच उभी राहते. बार्शी लाइटचं ७६२ मिमीचं गेज मात्र एनच्या रुळावर जवळपास अचूक बसतं.

आठ बाय चारचा एचओ

सुरुवातीला सगळ्यात स्वस्त वाटतो तो हाच. प्लाय त्याच मापात मिळतो, कापावा लागत नाही, भारतीय इंजिनं आणि डबे एचओतच जास्त मिळतात. पण चार फूट म्हणजे १२२० मिमी. दोन्ही कडांना पाच-पाच सेंटिमीटर सोडले तर त्रिज्या ५६० मिमीच्या वर जात नाही. आयसीएफचा डबा त्या वळणावर धड बाहेर काढून वळतो. नव्या धाटणीचा एलएचबी डबा त्याहून लांब, त्याचं तर विचारूच नका.

लांबीचंही तसंच. एक इंजिन आणि आठ डबे म्हणजे सव्वादोन मीटर. अख्खा प्लायच २४४० मिमीचा. महालक्ष्मी एक्स्प्रेसचं इंजिन आपल्याच शेवटच्या डब्याच्या मागे धावताना दिसतं.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते घाटात. पुणे–मिरज लाइनवरच्या आदर्कीचा चढ आणि बोगदा आपल्याकडच्या प्रत्येकाला हवा असतो, साताऱ्याच्या माणसाला तर हक्काने. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायला एचओत साधारण ७५ मिमी उंची लागते. दोन टक्के चढाने तेवढं चढायला पावणेचार मीटर, उतरायला तेवढेच, म्हणजे साडेसात मीटर. या प्लायवरचा ओव्हल जेमतेम सहा मीटरचा. हिशेब इथेच संपतो. पण तो प्लास्टर ओतण्याआधी केलेला बरा. शिवाय आता ही लाइन विद्युतीकरण झालेली, आजचा काळ दाखवायचा तर वरच्या तारेसाठी उंची आणखी वाढवा.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. आठ बाय चारचं टेबल भिंतीला टेकवता येत नाही. हात अडीच फुटांपर्यंतच धड पोचतो, मग पलीकडून फिरायला जागा सोडावी लागते. बत्तीस चौरस फुटांचा लेआउट खोलीतली स्वतःच्या जवळपास तिप्पट जागा खातो.

तरीही कुणी घ्यावा? घरात लहान मुलं असतील आणि गाडी गोल फिरताना बघणं हाच मुख्य आनंद असेल, तर हाच घ्या. फक्त डोंगर करू नका आणि गाडी छोटी निवडा. मिरजेहून लातूरला पाणी नेणारी जलदूत एप्रिल २०१६ मध्ये सुटली तेव्हा पहिल्या गाडीला दहाच वाघिणी होत्या. पन्नास वाघिणींची गाडी नंतर आली. पहिली दाखवा, दीड मीटरच्या आसपास भागतं आणि इतिहासही खोटा होत नाही. पन्नासची दाखवायला सात मीटर लागतील.

एन

कागदावर एन सगळ्यांना हरवतो. त्याच आठ बाय चारवर ५६० मिमीची त्रिज्या म्हणजे डब्याच्या चौपट, गाडी देखणी वळते. आठ डब्यांची गाडी सव्वा मीटरची. अख्ख्या प्लायचीही गरज नाही. सात बाय तीनच्या फ्लश डोअरवर ४२० मिमीची त्रिज्या नेमकी बसते आणि दार मुळातच सपाट असल्याने खाली फ्रेम कमी लागते. फक्त आपल्याकडची फ्लश डोअर आतून भरीव असतात, उचलायला दोन माणसं लागतील. घाटही इथे कसाबसा होतो: पंचेचाळीस मिमी उंची, चढ-उतार मिळून साडेचार मीटर, ओव्हल पाच मीटरचा. मात्र मग स्टेशनसाठी सपाट जागा उरत नाही.

अडचण गाड्यांची आहे. एनमध्ये भारतीय गाड्या फारच कमी. परदेशी इंजिनावर थ्रीडी प्रिंट केलेली बॉडी बसवायची, रंगवायची, ही तयारी नसेल तर तुमच्या मिरज स्टेशनात अमेरिकन डिझेल उभं राहील. ज्यांना ते चालतं त्यांना चालतं, मला नाही.

दुसरं, धूळ. एनचं इंजिन हलकं, चाकांना वीज मिळाली नाही की जागेवर थांबतं. गाळप हंगामात साखर कारखान्याची काजळी आपल्या गच्च्यांवर पडते, तीच खिडकीतून रुळांवर येते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुनं सुती फडकं कायम हाताशी ठेवावं लागतं. एचओलाही पुसावं लागतं, पण ते थोडी घाण सहन करतं.

आणि एचओ घेऊन झाल्यावर एनकडे वळणं हा सगळ्यात महाग बदल आहे. इंजिन, डबे, रूळ, इमारती, माणसं, झाडं, यातलं काहीच पुढे येत नाही. वाचतो तो कंट्रोलर आणि प्लाय. अजून काहीच विकत घेतलं नसेल, तर गोष्ट वेगळी.

एचओचं नॅरोगेज

माझं मत इकडे झुकतं, आणि त्याचं कारण बरंचसं मिरजच आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे १९२७ मध्ये मिरजेला पोचली, १९५४ मध्ये सरकारकडे गेली. पुण्याची लाइन ब्रॉडगेज झाल्यावर बरीच वर्षं मिरजेत तिन्ही गेज एकत्र नांदली: पुणे-कोल्हापूरचं ब्रॉड, लोंढ्याचं मीटर, कुर्डुवाडीचं नॅरो. माल एका गेजच्या वाघिणीतून दुसऱ्या गेजच्या वाघिणीत हातांनी चढवायचा. असं यार्ड करायला मोठी जागा लागत नाही, आणि बघणाऱ्याला काय चाललंय ते लगेच कळतं.

पैशाच्या बाजूने मुद्दा असा, की प्रमाण १:८७च राहतं. म्हणजे आधी घेतलेली इमारत, हमाल, ट्रक, लिंबाची झाडं सगळी चालतात. ब्रॉडगेजचं इंजिन आणि दोन डबे माल बदलण्याच्या फलाटावर उभे करा, तेही वाया जात नाहीत. नवीन लागतात ते ९ मिमीचे रूळ आणि एनच्या चेसिसवर बसवलेलं छोटं इंजिन. तयार बार्शी लाइट कुठे मिळत नाही, बॉडी प्लास्टिकच्या शीटमधून किंवा थ्रीडी प्रिंटने स्वतः करावी लागते. हात वळत नसेल तर इथेच गाडी अडते, हे आधीच सांगतो.

जागा किती? ब्रिटिश मॉडेलवाल्यांमध्ये इंगलनूक नावाचा एक जुना यार्ड-खेळ आहे: तीन सायडिंग (बाजूला काढलेले बंद रूळ), एकीत पाच वाघिणी मावतात, बाकी दोनांत तीन-तीन, आणि ठरलेल्या क्रमाने पाच वाघिणींची गाडी जुळवायची. सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे रुळाचे भाग) लागतात फक्त दोन. ८८ मिमीच्या वाघिणींना कपलिंगसकट ९५ धरले तर पाचांना ४७५, दोन सांध्यांना २५०, इंजिन आणि तीन वाघिणींना पुढेमागे व्हायला ३६५. एकूण १०९० मिमी. चार फुटांच्या फळीवर अख्खं यार्ड बसतं आणि फळी कपाटावर ठेवता येते.

सांगलीत गावभागात किंवा सांगलवाडीत तळमजल्यावर राहणाऱ्यांनी या शेवटच्या वाक्याकडे नीट बघावं. २००५, २०१९, २०२१ चे महापूर आठवा. आयर्विन पुलाजवळची पातळी वाढू लागली की आठ बाय चारचं टेबल जिन्यातून वर जात नाही. चार बाय दीड फुटाच्या दोन-तीन फळ्या दोन माणसं अर्ध्या तासात वर नेतात. साताऱ्यात ही भीती नाही, तिथे फळ्यांचा आग्रह मी इतका धरणार नाही.

बदल स्वस्त ठेवायचा कसा

कुठलीही वाट धरा, पैसे वाचतात ते जोडण्याच्या पद्धतीत. खडी चिकटवायला साधा पांढरा फेविकॉल निम्म्या पाण्यात आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. वॉटरप्रूफ डिंक चुकूनही नको. साध्या फेविकॉलवर गरम पाणी शिंपडून दहा मिनिटं थांबलं की पुट्टीची पातळ पट्टी सांध्याखाली सरकते, खडी दाण्यादाण्याने सुटते आणि सांधा न वाकता हातात येतो. लेआउटमधली सगळ्यात महाग रुळाची वस्तू सांधाच, म्हणून तो उचलता येणं महत्त्वाचं. वॉटरप्रूफवर तोच सांधा तुटूनच निघतो.

फ्रेमलाही तेच. टिंबर एरियात पट्ट्या कापून आणल्यावर सुताराला बजावून सांगावं लागतं की डिंक नको, फक्त स्क्रू. तो म्हणणार, ‘साहेब, हलेल.’ आडव्या पट्ट्या जवळ घ्या, हलत नाही.

फ्लेक्स ट्रॅक (हवा तसा वाकणारा लांब रूळ) की तुकड्यांचा? ९१४ मिमीची फ्लेक्सची लांबी मीटरमागे स्वस्त पडते, वळणं सुंदर येतात, पण प्रत्येक बदलात ती कापली जाते आणि चार बदलांनंतर तुमच्याकडे वीतभर तुकड्यांचा डबा उरतो. खडीसकट येणारे जोडायचे तुकडे महाग, दिसायला जरा ठोकळेबाज, पण कितीही वेळा उचला. आराखडा पक्का नसेल तर पहिलं वर्ष तुकड्यांवर काढा. आणि रुळाचा कोड एकदाच ठरवा: कोड १०० म्हणजे रुळाची उंची ०.१ इंच, कोड ७५ त्याच्या पाऊण. दोन्ही मिसळले की प्रत्येक जोडावर चाक उडतं किंवा वेगळा जोड विकत घ्यावा लागतो.

डीसी (रुळातली वीज कमी-जास्त करून गाडी चालवणं) की डीसीसी (प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम), यात माझं उत्तर छोटं आहे. एकच इंजिन असेल तर डीसी. तीनच्या पुढे जाणार असाल तर डीसीसी, कारण तिथे नवीन इंजिन आलं तरी खालची वायर तीच राहते, खर्च फक्त डीकोडरचा, म्हणजे हुकूम वाचणाऱ्या इंजिनातल्या चिपचा. डीसीत प्रत्येक नव्या सायडिंगमागे नवा ब्लॉक (वेगळी वीज दिलेला रुळाचा भाग), नवा स्विच. आत्ता डीसी घेतलात तरी डीकोडरचं सॉकेट असलेलं इंजिन निवडा.

बाहेरून मागवणाऱ्यांनी दुकानाची किंमत हा खर्च धरू नये. अशी मॉडेलं कस्टम्सच्या लेखी खेळण्यांतच मोडतात, आणि खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. त्यावर जीएसटी आणि कुरिअर. मागवण्याआधी त्या दिवसाचा दर बघा. म्हणूनच आराखडा बदलायचा असेल तर पार्सल सुटण्याआधी बदला. वर्तमानपत्रं चिकटवून जमिनीवर खऱ्या मापाचा नकाशा काढा, सांध्यांच्या जागी पुठ्ठ्याचे तुकडे ठेवा, आठवडाभर त्यावरून ये-जा करा. पुण्याला कोथरूडमधलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून यायचं असेल तर नकाशा काढण्याआधी नको, काढल्यावर जा. आधी गेलात तर बजेट परत येताना स्वारगेटलाच दुप्पट झालेलं असतं.

खरेदीचा क्रम: आधी दोन सांधे आणि थोडा रूळ, मग इंजिन, मग वाघिणी, डोंगर-झाडं सगळ्यात शेवटी. दोन जादा सांध्यांचे पैसे शेवटपर्यंत हातचे राखून ठेवा, बदल आला की पहिली मागणी त्यांचीच येते. आणि इंजिनाचे रिकामे खोके, आतल्या फोमसकट, माळ्यावर जपा. खोक्यासकट इंजिनाला जुन्यात बरा भाव येतो. बिनखोक्याच्या इंजिनाला घेणारा आधी विचारतो, ‘पडलं होतं का?’