२८ लिटरचा ओव्हन आणि भट्टीतली नानकटाई: वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीआधी आम्ही मेन रोडवरच्या एका दुकानातून २८ लिटरचा ओटीजी, म्हणजे वर आणि खाली तापणाऱ्या कांड्या असलेला साधा विजेचा ओव्हन घेतला, त्याला आता वर्ष होत आले. या काळात त्यात फार अवघड असे काही केलेले नाही. नानकटाई, रव्याचा केक आणि लादीपाव हेच आमच्या घरी पुन्हापुन्हा होते, आणि ओव्हनची परीक्षाही मी याच तीन पदार्थांवर घेतली.

माझ्या लहानपणी नानकटाई घरी भाजत नसत. मे महिन्याच्या सुट्टीत आई मैदा, तूप आणि पिठीसाखर डब्यांत भरून जुन्या नाशकातल्या एका बेकरीत घेऊन जाई, तिथले कारागीर पीठ मळून गोळे पत्र्यांवर मांडत, आणि संध्याकाळी आम्ही डबाभर गरम नानकटाई घरी आणत असू. भट्टीतल्या त्या नानकटाईचा खुसखुशीतपणा घरच्या ओव्हनमध्ये येतो का, एवढेच मला पाहायचे होते.

पहिले दोन घाणे वाया गेले. ओव्हनसोबतच्या पुस्तिकेप्रमाणे बटण १८० अंशांवर ठेवले, तर नानकटाई वरून फिकी राहून तळाशी करपली. शेवटी ओव्हनच्या जाळीवर ठेवायचा छोटा तापमापक आणला, तेव्हा कळले की बटण १८० दाखवत असताना आतले तापमान २०० च्या आसपास असते. कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला असता, एवढा फरक असतोच, असे उत्तर मिळाले. ते मला मुळीच पटलेले नाही, कारण ज्या पदार्थात तूप भरपूर आणि पाणी जवळजवळ नाहीच, तो २० अंशांच्या फरकाने सहज करपतो. पुस्तिकेत पिझ्झा आणि तंदुरी कोंबडी आहे, पण नानकटाईचा उल्लेखही नाही, हेही खटकले.

आता मी बटण १५० वर ठेवते, दहा मिनिटे ओव्हन रिकामा तापू देते आणि पत्रा मधल्या खाचेत सरकवते. एक वाटी थिजलेले तूप आणि एक वाटी पिठीसाखर हाताने पांढरीशुभ्र होईपर्यंत फेसून त्यात दीड वाटी मैदा, अर्धी वाटी बेसन, पाव वाटी बारीक रवा आणि वेलचीपूड घालते. तूप पातळ असेल तर गोळे पसरतात, म्हणून उन्हाळ्यात मांडलेला पत्रा वीस मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावाच लागतो. या ओव्हनची मागची बाजू जास्त तापते, त्यामुळे आठव्या मिनिटाला पत्रा फिरवून घ्यावा. साधारण बाराव्या मिनिटाला आतल्या दिव्याच्या उजेडात काचेतून पाहिले, की गुळगुळीत गोळ्यांवर आधी केसासारखी रेघ उमटते, मग तिला फाटे फुटतात आणि बेसन भाजल्याचा वास स्वयंपाकघरातून थेट बाहेरच्या खोलीपर्यंत जातो. आईने पहिली चांगली नानकटाई तोंडात टाकली आणि म्हणाली, "अगं, ही तर भट्टीतलीच!" मला त्याहून मोठी पावती नको होती.

रव्याच्या केकसाठी सोबत आलेला उथळ ट्रे उपयोगाचा नाही. आम्ही भांडी बाजारात गेलो, तेव्हा तिथल्या काकांनी हलका डबा बाजूला ठेवून सांगितले, "ताई, हा नका घेऊ, कडेने करपेल." त्यांनी दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या जाड डब्यात केक सगळीकडून सारखा फुगतो. दही-साखरेत भिजवलेला रवा अर्धा तास मुरू द्यावा आणि सोडा अगदी शेवटी घालावा, कारण दह्यातल्या आंबटपणाशी गाठ पडताच त्याचे बुडबुडे सुटू लागतात आणि मिश्रण ताटकळत राहिले तर केक बसतो. वरून पिंपळगावकडचे बेदाणे पिठात घोळवून घातले, की ते तळाशी जात नाहीत.

पावाच्या बाबतीत मात्र मी या ओव्हनवर पूर्ण समाधानी आहे. पावाला चढे तापमान चालते, त्यामुळे बटणाचा दोष तिथे आड येत नाही. हिवाळ्यात निफाडचा पारा पाच अंशांखाली उतरतो तेव्हा नाशकातही पीठ फुगायला दुप्पट वेळ लागतो. अशा वेळी मी पिठाचे भांडे बंद ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून ठेवते, आणि तेवढी ऊब पुरते. रविवारी मिसळीच्या तिखट रश्श्यासोबत घरचा पाव असला, की सहा जणांना बारा पावांची लादी पुरत नाही.

ओव्हन १५०० वॅटचा आहे, म्हणजे सलग तासभर तापला तर दीड युनिट. पण ठरलेले तापमान आले की कांड्या आपोआप बंद होत असल्याने प्रत्यक्षात वीज त्याहून कमी लागते. दाराची काच फार तापते, तेव्हा लहान मुले असतील तर तो ओट्याच्या कडेला ठेवू नये. घ्यायचा असेल तर तापमापक त्याच दिवशी घ्यावा, आणि पहिला घाणा सहाच नानकटायांचा लावावा.