सेकंडहँड नॅनो, जळगाव: गाडीचा रिव्ह्यू आणि बघणाऱ्यांचा पण

२०१२ ची नॅनो चालवतो मी, सेकंडहँड घेतलेली. ॲव्हरेज नंतर विचारतात, आधी सगळ्यांचा प्रश्न एकच, लोकं काय म्हणतील. म्हणतात भो, लई म्हणतात. २००९ ला लाखाची गाडी म्हणून गाजली आणि तेच तिला बाधलं, सगळ्यात स्वस्त म्हणून विकणं चुकलं असं रतन टाटा स्वतःच नंतर बोलले होते.

आपल्याकडे पंचविशीतल्या पोराची किंमत गाडीवरून लावतात. काळी थार असली की पोरगं कामाचं, केळीचा मळा असेल, वरपर्यंत ओळख असेल, हप्ते किती राहिलेत ते कोणी विचारत नाही. नॅनोतून उतरलं की "अजून नोकरीचं जमलं नाही का रे?" लग्नाच्या हॉलवर थारला गेटसमोर जागा अन मला पार मागे धाडतात. मागे निंबाची सावली असते म्हणून मी गप बसतो.

पण थारवाल्या मित्राचे हाल वेगळेच. नाक्यावर पोलीस त्यालाच बाजूला घेणार, काचा बघणार (काळी फिल्म सुप्रीम कोर्टाने २०१२ लाच बंद केली, याच्या काचा कंपनीच्याच आहेत तरी), आणि गडी इतका सरळ की स्कुटीला पण साईड देतो, तरी हायवेवर पुढचे आरशात बघूनच शिव्या घालतात. माझ्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, आणि खरं सांगू का, दोघांत जोरात मी चालवतो.

आता गाडी. ६२४ सीसी, दोन सिलिंडर, इंजिन मागे, त्यामुळे मागे बसणाऱ्याला आवाज ऐकावाच लागतो. पॉवर स्टेअरिंग नाही पण पुढे वजन नाही म्हणून हलकं जातं, आणि ४ मीटरच्या त्रिज्येत वळते, फुले मार्केटजवळ जिथं मोठ्या गाड्या रिव्हर्स मारत बसतात तिथून आपण निघून जातो. क्लिअरन्स १८० मिलिमीटर, खेड्याच्या रस्त्याला बास. डिकी बाहेरून उघडत नाही, मागची सीट पाडून केळीचा घड आत सरकवायचा म्हणजे वैताग. कन्नड घाटात चौघं असलो तर एसी बंद करा अन निवांत चढा.

पंपावर मजा असते, पोरगा टाकीचं झाकण शोधत दोन्ही बाजूंनी फिरतो, मग मी पुढचं बोनेट उघडतो कारण पेट्रोल तिथूनच भरायचं, स्टेपनीपण तिथंच. टाकी १५ लिटरचीच, त्यामुळे ही करमणूक वारंवार.

घेणार असाल तर खालून गंज बघा. २०१८ ला बनणं बंद झालंय, म्हणून ओळखीचा मेकॅनिक आधी गाठा, गाडी नंतर. आणि आरसी १५ वर्षांची असते, २०१२ चं मॉडेल २०२७ ला परत पासिंगला न्यावं लागेल. दलाल हे आपणहून सांगत नाही, तुम्हीच काढा अन त्यावर भाव पाडा.