धान्यरक्षक तेलासाठी जल-ऊर्ध्वपातन की बाष्प-ऊर्ध्वपातन?

हवाबंद कोठीत निलगिरी किंवा लवंगेच्या तेलाची वाफ सोंड्यांवर (धान्यातील किड्यांवर) परिणाम करते; मात्र ते तेल ऊर्ध्वपातनाने, म्हणजे वाफ करून ती थंडावून, कसे काढले, यावर त्यातील घटकांचे प्रमाण अवलंबून असते. जल-ऊर्ध्वपातनात पाला पाण्यातच उकळतो, त्यामुळे साधे भांडे चालते. पण तळ करपण्याची भीती राहते आणि एस्टरसारखे सुगंधी घटक दीर्घकाळ उकळल्याने विघटित होतात. बाष्प-ऊर्ध्वपातनात वेगळ्या बॉयलरमधील वाफ जाळीवरच्या पाल्यातून जाते आणि वेळ वाचतो. निलगिरी तेलातील मुख्य घटक सिनिओल सुमारे १७६ अंश सेल्सिअसला उकळत असले, तरी वाफेसोबत ते १०० अंशांखालीच निघून येते. पाल्यासाठी मी बाष्पपद्धतच निवडेन. बारीक दळलेल्या लवंगेचा मात्र वाफेखाली गठ्ठा होतो (आणि वाफ फटींतून निसटते), म्हणून तेथे जुनी जलपद्धतच सरस ठरते.