वॉटरडीप की बाल्डर्स गेट?
डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवायच्या खेळातल्या ‘फर्गॉटन रेल्म्स’ या काल्पनिक जगातली ही दोन बंदरं, दोन्ही कुणा राजाची नाहीत. वॉटरडीपवर मुखवटे घातलेले लॉर्ड्स राज्य करतात. चेहरा दिसतो तो फक्त ओपन लॉर्डचा. बाल्डर्स गेटमध्ये चार ड्यूक, आणि खालच्या वस्तीत बंदोबस्ताला फ्लेमिंग फिस्ट, म्हणजे चक्क भाडोत्री फौज! शिवाय कायदा असा की तटाच्या आत मोरापेक्षा मोठं जनावर आणायचं नाही. घोडा वेशीबाहेरच बांधा. उलट वॉटरडीपच्या यॉनिंग पोर्टल सराईत मधोमध भलीमोठी विहीर आहे. दोराने खाली उतरलात की थेट अंडरमाउंटनची भुयारं. नवख्या पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या गटाला, खेळायला मी वॉटरडीपच देईन. कटकारस्थानं रंगवायची असतील, तर मात्र बाल्डर्स गेट.