शॉर्टवेव्ह सेट पीसीला जोडताय? फेराइट की ट्रान्सफॉर्मर

सेट ऑडिओ केबलने पीसीला जोडला की खरखर आणि घूं येते. ती घालवायला फेराइट (केबलवर बसवायची, रेडिओचा कचरा अडवणारी चुंबकीय रिंग किंवा क्लिप) आणि केबलच्या मधे टाकायचा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर, दोन्ही वापरून झालंय म्हणून लिहितोय. तुमचा सेट बाहेरच्या वायर अँटेनावर असेल तरच याचा उपयोग आहे हां, लॅपटॉपशेजारी रॉड उभा करून ऐकत असाल तर खरखर हवेतूनच येतेय, आधी तार खिडकीबाहेर काढा.

मी ७०७४ किलोहर्ट्झला एफटी-८ (हौशी रेडिओवाल्यांचे डिजिटल संदेश) पीसीवर डिकोड करतो. ऑडिओ केबल लाइन-इनला लावली रे लावली की रिकाम्या फ्रिक्वेन्सीवरही एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा) चढायचा, उपटली की खाली. म्हणजे पीसीचा सगळा कचरा केबलच्या शिल्डवरून (बाहेरच्या जाळीवरून) सेटमध्ये येत होता.

पहिल्यांदा फेराइट. क्लिपवाल्यातून केबल एकदाच गेली तर शॉर्टवेव्हवर फारसं काही होत नाही, वेढे दुप्पट केले की अडवणूक साधारण चौपट होते, म्हणून ३१ नंबर मिक्सच्या (फेराइटचा एक प्रकार) रिंगवर ८ वेढे घेतले (आधी वेढे, मग जॅक सोल्डर करा, नाहीतर जॅक रिंगमधून जात नाही). मीटर बराच खाली आला, खोटं कशाला बोलू.

पण हमिंग तसंच. लॅपटॉपला चार्जर लावला की ५० हर्ट्झची घूंऽऽ चालू, काढला की बंद. फेराइट ५० हर्ट्झला अडवूच शकत नाही, त्याचा दोष नाही. दोन महिने मी रोज चार्जर काढून ऐकायचो, बॅटरी जुनी, तासाभरात मान टाकायची आणि लांबची स्टेशनं नेमकी तेव्हाच वर यायला लागलेली असायची, मग चार्जर लावून ती घूं ऐकत बसायचं नाहीतर सरळ उठायचं. फार चिडचिड व्हायची.

शेवटी जुन्या डायल-अप मोडेम कार्डातला ६००:६०० ओहमचा ट्रान्सफॉर्मर काढून मधे टाकला. दोन्ही बाजूंचं ग्राउंडच तुटतं, त्यामुळे आता चार्जर लावला काय नि काढला काय, हेडफोनमध्ये कळत नाही. फक्त दोन्ही सॉकेट पत्र्याच्या डबीवर बसवू नका, डबीतून ग्राउंड परत जुळतं आणि सगळं मुसळ केरात. मी प्लॅस्टिकची साबणदाणी घेतली.

वरच्या बँडांवर ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधल्या कपॅसिटन्समधून थोडा कचरा येतोच, तिथे मला फेराइट बरं वाटलं. आणि यूएसबीचा एसडीआर डोंगल (पीसीला थेट लावायचा छोटा रिसीव्हर) असेल तर हा ट्रान्सफॉर्मर चालणारच नाही, केबलवर फेराइटच.

साधा सेट आणि ऑडिओ केबल असेल तर मात्र मी आधी ट्रान्सफॉर्मरच टाकेन. तुमच्याकडचं अर्थिंग वेगळं असू शकतं, तेव्हा एकदा चार्जर काढून ऐका, घूं थांबली तर रिंग नंतर घ्या.