शोडाऊनवर टीम कोणती धरायची: हायपर ऑफेन्स, स्टॉल का बॅलन्स?

आमच्या आर्णी-दिग्रस पट्ट्यात बरीच पोरं पोकेमॉन शोडाऊन (ब्राउझरमध्ये पोकेमॉनच्या लढाया खेळायची साइट) खेळून राहिली, काहून की त्याला ना महागडं कन्सोल लागत ना एक रुपया, फोनच्या ब्राउझरमध्ये उघडलं की सुरू. अन् ज्याला पाहा त्याचा प्रश्न एकच, भाऊ टीम कोणती घेऊ? मी इथं फक्त नवव्या जनरेशनच्या (पोकेमॉन गेमच्या नवव्या पिढीच्या) सिंगल्सचं, म्हणजे एकास एक लढाईचं, अन् त्यातल्या ओयू या मुख्य गटाचं बोलतो. डबल्सचं गणित वेगळं आहे, अधिकृत स्पर्धांच्या डबल्समध्ये तर सहापैकी चारच घेऊन उतरायचं असते.

माझं मत आधीच सांगतो. नवा असशील तर बॅलन्स धर. वेळ कमी अन् नेटवर्क बेभरवशाचं असेल तर हायपर ऑफेन्स. स्टॉल सध्या नको, आवडत असला तरी नको.

हायपर ऑफेन्स म्हणजे शंकरपट, जोडी सुटली की निकाल. पहिलाच ग्लिमोरासारखा पोकेमॉन येऊन समोरच्याच्या बाजूला स्टेल्थ रॉक (आत येणाऱ्याला लागणारे दगड) अन् काटे टाकतो, मग मागचे पाच जण आळीपाळीनं ताकद वाढवून नुसते मारत सुटतात, पंधरा-वीस टर्नमध्ये खेळ इकडं नाहीतर तिकडं. या जनरेशनमध्ये ही पद्धत जोरात चालते त्याचं एक मोठं कारण गोल्डेंगो आहे. समोरच्यानं डिफॉग मारून दगड साफ करायचं म्हटलं तर गोल्डेंगोवर तसले स्टेटस मूव्ह (थेट मार न देणारे डाव) लागतच नाहीत, अन् तो भूत टाइपचा असल्यामुळं दगड साफ करणारा दुसरा मूव्ह रॅपिड स्पिनही त्याच्यातून आरपार. म्हणजे एकदा टाकलेले दगड बऱ्याच वेळा शेवटपर्यंत पडून राहतात. अन् त्या दगडांचा मार काही कमी नाही, साध्या पोकेमॉनला आत येताना 12.5 टक्के जातात पण व्होल्कॅरोनासारखा आग-किड्याचा जोड असला तर सरळ अर्धा जीव जातो.

पण याची दुसरी बाजू पाहा. मार झेलणारा टीममध्ये कोणीच नसतो, एक अंदाज चुकला की एक गडी गेला, दोन चुकले की खेळच गेला. अन् अशी टीम त्या-त्या महिन्याच्या हवेवर बांधलेली राहते. स्मोगनवाले (ओयूसारख्या गटांचे नियम ठरवणारी खेळाडूंची साइट) दर महिन्याला कोण किती वापरलं जाते त्याचे आकडे काढतात, त्यात एखादा नवा वेगवान पोकेमॉन वर आला किंवा एखाद्यावर बंदी आली की कालची उतरवून घेतलेली टीम आज नुसती मार खाते. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये डायनामॅक्स (तीन टर्न पोकेमॉन राक्षसाएवढा करायची सोय) आलं अन् डिसेंबरमध्ये स्मोगननं ओयूतून काढूनही टाकलं, ज्यांनी सगळं त्याच्यावर उभं केलं होतं त्यांना पहिल्यापासून बांधावं लागलं.

आता स्टॉल. मला स्वतःला हा प्रकार लय आवडतो, समोरच्याला थकवायचं, काहीच होऊ द्यायचं नाही, यात जी अक्कल लागते ती दुसऱ्या कशात लागत नाही. आठव्या जनरेशनमध्ये हेवी-ड्यूटी बूट्स आले, ते घातले की दगड-काटे लागत नाहीत, तेव्हा स्टॉलला बरे दिवस होते. नवव्यात मात्र पेकाटात लाथ बसली. रिकव्हर, रूस्ट, सॉफ्ट-बॉइल्ड या जीव भरून काढणाऱ्या मूव्हचे पीपी (मूव्ह किती वेळा वापरता येतो तो आकडा) 10 वरून 5 केले, पूर्ण वाढवले तरी 16 च्या जागी 8 च. म्हणजे ब्लिसी कितीही जाड असली तरी आठ वेळा सॉफ्ट-बॉइल्ड झालं की संपलं, अन् समोरचा शहाणा असेल तर तो ते मोजूनच खेळतो. त्यावर टेरा, म्हणजे लढाईत एकदा एका पोकेमॉनचा टाइप बदलायची सोय, कोणता गडी कधी टाइप बदलेल याचा नेम नाही, ज्याला अडवायला भिंत उभी केली तोच भिंत फोडून जातो. आलोमोमोला बाहेर जाताना आपोआप एक तृतीयांश जीव भरून घेते, डॉन्डोझो समोरच्यानं वाढवलेली ताकद मोजतच नाही, अशांच्या जोरावर स्टॉल अजून तग धरून आहे. पण त्यात शंभर-शंभर टर्न जातात अन् आपल्या इकडे पावसाळ्यात लाइन गेली की थोड्या वेळानं टॉवरही जातो, सत्तराव्या टर्नला जिंकत असताना फोन नुसता गोल-गोल फिरतो अन् टायमर संपून हार पदरात. हे एकच कारण मला पुरेसं वाटते.

बॅलन्समध्ये दोन-तीन झेलणारे, दोन-तीन मारणारे. उदाहरणार्थ ग्रेट टस्क दगड साफ करायला, आलोमोमोलासारखी एक इतरांचा जीव भरायला अन् शेवटासाठी किंगॅम्बिट. किंगॅम्बिटचं काम पाहण्यासारखं आहे, आपला एकेक गडी पडला की त्याची मार 10 टक्क्यांनी वाढते, पाचही पडले तर 50. समज तुझा एकटा किंगॅम्बिट उरला अन् समोर त्यांचा ग्रेट टस्क उभा आहे. क्लोज कॉम्बॅट बसलं तर चौपट, खेळ खतम. पण तू टेरा भूत केलंस तर ते लागतच नाही, अन् तुझा आयर्न हेड त्याला पुरा बसतो. मात्र त्यानं तुझा टेरा ओळखून नॉक ऑफ मारलं तर भूताला ते दुप्पट लागते. म्हणून तो आतापर्यंत काय खेळला, घाबरून खेळते का उडी मारते, हे पहिल्या टर्नपासून पाहत यायला पायजे. ही नजर बॅलन्स खेळून येते, काहून की त्यात दर टर्नला प्रश्न असतो, मारू का बदलू. अन् ट्रेंड फिरला तर सहातले एक-दोन बदलले की टीम परत उभी राहते, सगळी मोडावी लागत नाही.

पावसाच्या टीमचं (पाऊस पाडून पाण्याच्या मूव्हची ताकद वाढवणारी टीम) कोणी विचारलं तर थोडक्यात, पाचव्या जनरेशनमध्ये पोलिटोएडनं आणलेला पाऊस थांबतच नव्हता, 2013 पासून तो पाच टर्नचा झाला, डॅम्प रॉक ही वस्तू हातात दिली तर आठ. पाऊस आणणारा पेलिपर घेऊन खेळता येते, मजाही येते, पण ते आठ टर्न मोजता आले पायजेत. ती दुसरी टीम म्हणून ठेव.

अन् टीम कोणतीही घे, शोडाऊनच्या ऑप्शनमध्ये जाऊन अ‍ॅनिमेशन बंद कर अन् थ्रीडीच्या जागी टूडी चित्रं लाव, जुना फोन अन् दोन काड्यांचं नेटवर्क असलं तरी टर्न वेळेत जाते.